दोन मिनिटांत नेपाळ

नगरला वाढलेल्या माणसाच्या डोक्यात मिशनरी म्हणजे आलेला माणूस. तो बोटीनं आला, मराठी शिकला, शाळा काढली, दवाखाना काढला आणि शेवटी इथल्याच मातीत गेला. सिंथिया फरार हे नाव आमच्याकडे सावित्रीबाईंच्या चरित्रामुळे बऱ्याच जणांना माहीत असतं. ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली आणि १८६२ साली नगरला वारली. या लोकांना मागे घर असेल, ते कधी रजेवर जात असतील, गेल्यावर आई "किती वाळलीस गं" म्हणत असेल आणि महिन्याभरात त्यांना तिथे करमेनासं होत असेल, असलं काही माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

ते आलं न्यू जर्सीत, कचऱ्याच्या डब्यापाशी.

मी इथे एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. शेजारचं घर एका चर्चच्या मालकीचं आहे. तिथे एखादं कुटुंब येतं, वर्षभर राहतं, जातं. मला बरेच दिवस ते एअरबीएनबी वाटत होतं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, एका बुधवारी रात्री, पन्नाशीची एक गोरी बाई पुठ्ठ्याचे खोके घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. कुठल्या डब्यात काय टाकायचं ते तिला कळत नव्हतं. मी समजावून सांगितलं. पुठ्ठा बांधून ठेवायचा, पिझ्झाचा तेलकट खोका त्यात चालत नाही, काच या आठवड्यात नाही, पुढच्या. सांगता सांगता मला हसू येत होतं. पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या बाईला अमेरिकेत कचरा कसा टाकायचा हे एच-वन-बीवाली नगरची मुलगी शिकवत होती. तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, नंतर करते, कचरा टाकतेय," म्हणून मी तो ठेवला, तर बाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तपाईं नेपाली हो?"

नेपाळी नाही, मराठी. पण लिपी एकच आणि हिंदी दोघींना येत होती. त्या रात्री आम्ही अर्धा तास फुटपाथवर उभ्या होतो. ती नर्स. नेपाळच्या डोंगरातल्या एका मिशन हॉस्पिटलात एकोणीस वर्षं. नवरा तिथेच यंत्रं दुरुस्त करतो. मुलगी काठमांडूत जन्मलेली, सोळा वर्षांची. तिकडे सगळे तिला दिदी म्हणत, म्हणून मीही दिदीच म्हणू लागले. तिलाही ते आवडलं असावं, कारण इथे तिला नावानं हाक मारणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिचं नाव आठवायला दोन सेकंद लागत.

या वर्षाला जुन्या मिशनरींचा शब्द आहे 'फर्लो'. कैद्यांच्या रजेच्या बातम्यांत आपण ऐकतो तोच. मूळ सैनिकांच्या रजेचा शब्द. सात-आठ वर्षं काम, मग वर्षभर घर, अशी पुढे पुढे पद्धत पडली. सुरुवातीच्या लोकांना तेवढंही नव्हतं. ॲडोनिराम जडसन १८१२ साली सेलमहून निघाले आणि ब्रह्मदेशातून पहिल्यांदा घरी आले ते १८४५ साली. वाटेत सेंट हेलेना बेटावर बायको वारली. घरी पोचले तेव्हा आवाज बसलेला, म्हणून सभेत ते कुजबुजत आणि शेजारी उभा असलेला माणूस ते मोठ्यानं सांगे. लोकांना दूरदेशीच्या सुरस गोष्टी हव्या होत्या, हा म्हातारा साधं प्रवचन देऊन बसून घ्यायचा, म्हणून लोक नाराजही होत. आता फर्लो कोणी म्हणत नाही, 'होम असाइनमेंट' म्हणतात. दिदीला या शब्दाचं फार हसू यायचं. घरी असणं हीसुद्धा नेमणूकच.

नेमणूक म्हणजे खरंच नेमणूक. अशा बऱ्याच संस्थांमध्ये पगार वरून येत नाही. तो आपला आपण गोळा करायचा. कुठलं तरी चर्च महिन्याला दोनशे डॉलर देतं, कोणी निवृत्त शिक्षिका पंचवीस देते, असं मिळून एका घराचा खर्च चालतो. घरी आल्यावर या सगळ्यांना भेटायचं, आभार मानायचे, काय काम केलं ते दाखवायचं. दिदीच्या कुटुंबाचं वर्ष गाडीतच गेलं. रविवारी एक चर्च, बुधवारी दुसरं. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, परत इकडे.

मधल्या दिवसांत अमेरिका. नेपाळमध्ये गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते, आपल्यासारखीच, त्यामुळे पहिले दोन आठवडे प्रत्येक वळणावर मुलगी मागून "राइट, आमा, राइट!" ओरडायची. नळाचं पाणी सरळ प्यायचं, हे हाताला पटत नव्हतं. ती भांडंभर पाणी उकळून ठेवायची आणि मग स्वतःवरच चिडायची. फोनचा प्लॅन घ्यायला गेली तर क्रेडिट हिस्टरी शून्य. म्हणजे मी पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा जिथे होते, बरोबर तिथेच. कॉफी घेतली की काउंटरवरचा आयपॅड फिरवून टिप विचारतात, तर तिला वाटलं आपलं काही तरी चुकलंय म्हणून दंड मागताहेत. दुकानातल्या सिरियलच्या लांबच लांब रांगेपुढे उभं राहून रडू येणं ही परतलेल्या मिशनरींची ठरलेली गोष्ट आहे म्हणे. सगळे सांगतात. दिदीला त्या गोष्टीचा कंटाळा होता. "मी तर तीन डबे घेतले आणि बाहेर पडले," म्हणाली.

तिला रडू आलं ते भलतीकडेच. वडिलांचं बोट कापलं म्हणून ती त्यांना तिकडे पेनसिल्व्हेनियात अर्जंट केअरला घेऊन गेली. दोन टाके. टाक्यांचं सामान सीलबंद पाकिटात येतं, त्यात स्टीलची कात्री, चिमटा, सुई धरायचा पकड-चिमटा. काम झालं की सगळं कचऱ्यात. एकदाच वापरायचं म्हणून. दिदीनं तिथल्या नर्सला विचारलं, मी घेऊ का? तिच्या हॉस्पिटलात तसल्या कात्र्या ऑटोक्लेव्हमध्ये उकडून उकडून वर्षानुवर्षं वापरतात, धार गेली की नवरा धार लावून देतो. नर्सनं आधी नाही म्हटलं, मग हळूच एका पिशवीत घालून दिल्या. घरी येऊन दिदीनं त्या धुतल्या आणि स्वयंपाकघराच्या खणात ठेवल्या. मला दाखवताना म्हणाली, "घाण कशाला लागली होती? माझ्या बापाच्याच बोटाचं रक्त." मग रडली. मी चहा टाकला. माझ्या हातचा चहा तिला आवडायचा, कारण त्यात चहापेक्षा दूध जास्त.

हळूहळू लक्षात आलं की हे सामान, पाणी, गाड्या वगैरे प्रकरण लवकर अंगवळणी पडतं. जे पडत नाही ते वेगळंच. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी मिठ्या मारल्या. 'एकदा निवांत भेटू या' म्हणाले. दिदीनं ते खरं मानलं. ऑक्टोबर उलटला तरी कोणी आलं नाही. नेपाळमध्ये रस्त्यात भेटलेला माणूस "खाना खानुभयो?" विचारतो. आपल्याकडे "जेवलात का?" म्हणतात तसंच. उत्तर काही का असेना, विचारणारा थांबलेला असतो. इथे विचारतात, "हाउ वॉज नेपाळ?" आणि दोन मिनिटांनी त्यांची नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे जाते. अशा लोकांना निघण्याआधी प्रशिक्षण देतात, त्यात हेही शिकवतात: दोन मिनिटांचं एक उत्तर पाठ करून ठेवा, दहा मिनिटांचं एक ठेवा, आणि तासभर ऐकणारं कोणी मिळालंच तर देवाचे आभार माना. दिदीनं दोन मिनिटांचं उत्तर मला म्हणून दाखवलं. डोंगर सुंदर, लोक प्रेमळ, रस्ते वाईट, काम समाधानाचं. बरोबर दोन मिनिटं.

माझ्याकडेही तसलं एक आहे. नगरला गेले की गल्लीत विचारतात, काय म्हणतीय अमेरिका? "छान. थंडी फार. भाजी मिळते सगळी." मी ते शेवटचं वापरलं त्याला चार वर्षं झाली. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येता येणार नाही या भीतीनं गेलेलेच नाही.

नोव्हेंबरमध्ये दिदीचा आमच्याच गावातल्या चर्चमध्ये कार्यक्रम होता. आदल्या रात्री ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. चाळीस फोटो होते, वीस मिनिटं मिळणार होती. तिनं मला सरळ विचारलं, "तू या फोटोत असतीस तर तुला चाललं असतं का?" हा प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता. मी बघत गेले. डोकोत बसवून आणलेली एक म्हातारी. डोको म्हणजे कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहतात ती बांबूची टोपली. ती मस्त हसत होती. चालेल. ओसरीवर बसलेल्या बाळंतिणी. त्यांना विचारलंय का? विचारलंय. चालेल. मग शेंबूड वाळलेला, फाटक्या स्वेटरमधला, कॅमेऱ्याकडे बघणारा एक पोरगा. मी म्हटलं, हा नको. त्यानंतर एका कुपोषित बाळाचा. हाही नको. आमचे असले फोटो जगानं पोटभर बघितलेत. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळांचे सुद्धा.

दिदीनं पहिला काढला. दुसऱ्यावर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "या फोटोला पैसे येतात. ऑक्सिजनची मशीन याच फोटोवर आली." आणि तो ठेवला.

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण मशीन नको होती असंही मला म्हणता येत नाही.

कार्यक्रम चर्चच्या तळघरात. लांब टेबलं, घरून आणलेल्या कॅसरोलच्या ट्रे, साठ-पासष्ट माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची. तिथे मी एकटीच सावळी, त्यामुळे दोघा-तिघांनी मला नेपाळहून आल्याबद्दल धन्यवाद दिले. फोटो झाले. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. गुडघा धरून, हळूच. "एवढ्या वर्षांत किती जणांनी प्रभूला स्वीकारलं?"

दिदी थोडं थांबली. नेपाळनं १९५४ साली परदेशी मिशनला हॉस्पिटलं चालवू दिली तीच धर्मप्रचार करणार नाही या अटीवर, आणि आता तर कोणाचं धर्मांतर घडवून आणणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. तिनं हे सांगितलं. पुढे म्हणाली, "माझ्या हातून किती बाळं जन्माला आली तो आकडा मी देऊ शकते." गृहस्थांनी मान हलवली आणि बसले. त्या मान हलवण्यात काय होतं ते मला ओळखता आलं नाही.

मला राग आला होता. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात जायची, पण जाताना आम्हाला बजावायची, "औषध घ्या, दुसरं काही हातावर ठेवलं तर खाऊ नका." दुष्काळात भाकरीसाठी बाटले, हा टोमणा नगरकडच्या ख्रिस्ती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. शाळेत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं ऐकलेला मी बघितलाय. तो टोमणा मारणारा आणि तळघरातले हे गृहस्थ, दोघंही माणसं मोजतच होते. नंतर दिदीनं सांगितलं की ते गृहस्थ बारा वर्षं न चुकता महिन्याला पंचवीस डॉलर पाठवतात, पेन्शनमधून. उत्तर ऐकून पुढच्या महिन्यापासून ते बंद करतील का, ही काळजी तिला त्या रात्री होती. केले नाहीत. उलट ख्रिसमसच्या कार्डात त्यांनी बाळांचा आकडा विचारला.

ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरेल हे सांगणाऱ्याच्या हातात नसतं. न्यू जर्सीला हे कोणी सांगायला नको. रॉयल वाइल्डर हे मिशनरी कोल्हापूरहून परतल्यावर इथल्याच प्रिन्स्टनला राहिले आणि १८७८ साली त्यांनी 'मिशनरी रिव्ह्यू' काढलं. बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळराव जोशींचं पत्र त्यातच छापलं गेलं. सोबतच्या उत्तरात सूर असा, की ख्रिस्ती व्हाल तर बरं. रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी तो अंक वाचला तो दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. त्यांनी पत्र घेतलं, उत्तर सोडून दिलं. १८८३ साली आनंदीबाई बोटीतून उतरल्या त्या त्यांच्याच घरी. प्रिन्स्टनहून रोझेल काही लांब नाही, पण मधलं अंतर त्या बाईंनी स्वतः कापलं.

ही गोष्ट मी दिदीला सांगितली, आणि मग जस्टिन ॲबट यांचीही. ॲबट यांचे वडील नगर भागात मिशनरी. स्वतः जस्टिन अनेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करून परतले आणि न्यू जर्सीतल्याच समिटला स्थायिक झाले. तिथे बसून या माणसानं काय करावं? महिपतीचं इंग्रजी भाषांतर. १९२६ सालापासून भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम अशी पुस्तकामागून पुस्तकं काढली. १९३२ साली ते वारले, त्यानंतरही उरलेले खंड निघत राहिले. आयुष्यभर इकडचं तिकडे सांगितलं, आणि घरी आल्यावर तिकडचं इकडे. त्यात कोणाला सुधारायचं नव्हतं, कोणाकडून वर्गणी मागायची नव्हती. मिशनरींबद्दल मनात अढी असलेल्या कोणाशीही वाद घालताना मी ॲबटना पुढे करत नाही, तेवढ्यानं हिशेब मिटत नाही. पण मला ते आवडतात.

एका शनिवारी आम्ही तिघी ट्रेननं समिटला गेलो. बघायला खास काही नाही, टुमदार गाव, महागडी कॉफी. दिदीनं विचारलं, "तो मराठी कोणाशी बोलत असेल?" १९२० सालच्या समिटमध्ये कोणाशी बोलणार! परतताना फलाटावर आमच्या मागे दोन बायका अस्खलित मराठीत कोणाच्या तरी सासूची उणीदुणी काढत होत्या. मी ते दिदीला भाषांतर करून सांगितलं. पोरगी पोट धरून हसली.

या पोरीबद्दल सांगायचं राहिलंच. वर्षभर सगळ्यात जड गेलं ते तिला. दिदीला निदान परत यायला घर होतं. पोरगी कुठे परतली होती? सोनेरी केस, निळे डोळे, पासपोर्ट अमेरिकन, म्हणून शाळेत कोणी तिला नवीन समजेचना. मला काही कळलं नाही तर लोक समजून घेतात, माझा चेहराच सांगतो की ही बाहेरची आहे. तिला ती सवलत नाही. सकाळी सगळे छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणायचे, हिला शब्द येत नव्हते, ही नुसते ओठ हलवायची. माझ्याकडे आली की हातानं वरण-भात जेवायची आणि मग तिचा आवाज मोठा व्हायचा. अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड' म्हणतात. रूथ यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंना हा शब्द सुचला तो १९५०च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करताना. तो ऐकून पोरगी म्हणाली, "म्हणजे मी तुमच्याकडचीच एक जात आहे."

तिला मी रॉबर्ट ह्यूमबद्दल सांगितलं होतं. नगरला ज्यांच्या नावाचं चर्च आहे ते. १८४७ साली मुंबईत जन्म, वडील मिशनरी. वडील घरी परतताना समुद्रातच वारले, आईनं पोरांना घेऊन अमेरिका गाठली. मुलगा तिथे शिकला आणि १८७४ साली परत आला तो नगरला. मला वाटलं होतं तिला धीर येईल. ती म्हणाली, "त्याला व्हिसा लागत नव्हता ना."

खरंच होतं. तिचं नेपाळमधलं राहणं आई-बापाच्या व्हिसाला चिकटलेलं. मोठी झाली की ते सुटणार. मग ज्याला ती घर म्हणते तिथे ती टूरिस्ट. माझंही इथलं राहणं एका कागदाला चिकटलेलं आहे, पण मी निदान चुकीच्या दिशेनं का होईना, परदेशात परकी आहे.

वसंतात दिदीच्या घरातून भांडणाचे आवाज यायला लागले. परत जायचं की नाही. वडील आता एकटे राहू शकत नव्हते. पोरीचं बारावीचं वर्ष. हॉस्पिटलकडून मेल येत होत्या, दोन नर्सेस सोडून गेल्या होत्या. दिदी माझ्याकडे यायची आणि काहीच न बोलता भाजी निवडून द्यायची. शेवटी ठरलं ते असं. वडील मामाकडे, पोरगी पेनसिल्व्हेनियात मावशीकडे, नवरा-बायको जुलैमध्ये परत. पूर्वी पोरांना असंच मागे ठेवून बोटीत बसायचे, मला वाटायचं ते दिवस गेले. मी दिदीला बरोबर की चूक काहीच म्हटलं नाही. तिनं विचारलंही नाही. विमानतळावर मी गेले नाही, ऑफिस होतं. शेजारच्या घरात आता फिलिपिन्सहून आलेलं कुटुंब आहे. त्यांना कचऱ्याचं सगळं ठाऊक आहे.

पोरगी दर रविवारी फोन करते. सध्या कॉलेजच्या अर्जांचे दिवस आहेत. अर्जासोबत एक निबंध लागतो, तुम्ही कोण आहात ते सांगणारा, साडेसहाशे शब्दांच्या आत. तिचे आठशे होताहेत. मी परवा वाचला. त्यात डोको आहे, आईची कात्री आहे, प्रतिज्ञेला हलवलेले ओठ आहेत, आणि समिटच्या फलाटावरच्या सासूसुद्धा आहेत. मी म्हटलं, सासू काढ, पन्नास शब्द तिथेच वाचतील.

नाही म्हणाली. तेच ठेवणार आहे. बाकीचे दीडशे कुठून काढायचे ते बघते म्हणाली.